हळद लागलेलं नोंदणीपत्र

"पावणं, काट्यावर उभं ऱ्हावा." आदरणीय दस्तगीर मुजावरसाहेबांचं माझ्या कानी पडलेलं हे पहिलं वाक्य. मी उजळाईवाडीच्या विमानतळावरच्या आमच्या कचेरीत नोकरी मागायला गेले होते, आणि त्यांनी नावाआधी वजन विचारलं!

कारण आमचं विमान केवढं, तर चार आसनांचं, एका पिस्टन इंजिनाचं. ते भाड्यानं पाठवताना माणसं, सामान, इंधन सगळ्यांचं वजन साहेब स्वतः बघत. नोंदणीपत्र विमानात नसेल तर विमान जागचं हलायचं नाही. आज पंचाहत्तरी गाठली तरी त्यांचा हा हट्ट कायम आहे.

मी मात्र जन्माची उतावळी. एका खंडेनवमीला उड्डाण नव्हतं. लोहार ऐरण पुजतो, आमचं हत्यार कागद. म्हणून मी न विचारता नोंदणीपत्राची फाइल मंगळवार पेठेत घरी नेली, पूजेत मांडली आणि कामावर आले. दुपारी जयसिंगपूरचे एक व्यापारी धापा टाकत आले. नाशिकला त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. आमचं विमान फक्त दिवसाउजेडी उडतं. चारच्या आत निघणं भाग होतं.

"फाइल कुठाय?"

साहेबांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. "साहेब, आजच्या दिवस कागदाविना जाऊ द्या की!"

"न्हाय. बस स्कूटरवर."

घरी सासूबाई पूजेसमोर आडव्या उभ्या. "दसऱ्याआधी पूजा हलायची न्हाई!" घड्याळ पळत होतं, मी रडकुंडीला आले. साहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले.

"अक्का, एका आईचा जीव लेकात अडकलाय. तुम्ही दिली तरच नेतो."

सासूबाईंनी स्वतःच नारळ बाजूला करून फाइल दिली. "देवीला मी सांगते. पळा!"

चारला पाच कमी असताना विमान सुटलं. मी कचेरीत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. "बस की गं, भोवरा हायस का?" साहेब दोनदा ओरडले. दिवेलागणीला फोन आला. भेट झाली होती, आईनं लेकाला ओळखलं होतं. मी टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले.

उशिराचं कारण साहेबांनी नोंदवहीत लिहिलं, 'फाइल सांभाळण्यात माझी चूक.' मी हरकत घेतली, तर म्हणाले, "ताबा माझा हुता. तुझ्या हाती गेलीच कशी?" त्यानंतर आजतागायत ते मला त्यावरून एका शब्दानं बोललेले नाहीत.

नोंदणीपत्रावर हळदीचा डाग अजून आहे. साहेब, कागदांची मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून आपण आमच्या मागे लागता. आपली मुदत वाढवून घ्यायला आम्ही अंबाबाईच्या मागे लागलो आहोत. ठणठणीत राहून शंभरी गाठा. आणि येत्या खंडेनवमीला घरी यायचंच. सासूबाईंचा हुकूम आहे, "फाइल नगं आणूस. दस्तगीरभाऊंनाच घेऊन ये."