सिनेमाचं कोडं आणि ह्यांच्या खुणा

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं या वेळी सिनेमाचं होतं. मला बरं वाटलं. ह्यांनी धुळ्याच्या एका थेटरात सगळी उमर सिनेमा दाखवायचं मशीन चालवलं. ते थेटर बंद पडल्यावर आम्ही जळगावला मुलाकडे आलो, आणि मागच्या दिवाळीनंतर ह्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. हात थोडा हलायला लागला आहे. बोलणं मात्र काही येत नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणते, आता या महिन्यांत जेवढं येईल तेवढं येईल, पुढे अवघड जातं. तिनेच सांगितलं की रोज कोडं सोडवा. मी वाचायचं, ह्यांनी उत्तर बोलायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. मी बोट ठेवून वाचते, आणि मोठ्याने वाचायची मला लाज वाटते. ह्यांची अंघोळ, भरवणं, कपडे उरकेपर्यंत पाठ भरून आलेली असते. तरी बसले.

"चित्रपटाची गुंडाळी. दोन अक्षरं."

ह्यांनी डावा हात हवेत गोल फिरवला. मी लिहिलं, रीळ.

"प्रेक्षक याच्याकडे बघतात."

ह्यांनी खिडकीकडे बोट केलं. पडदा.

"खेळाच्या मधली सुटी."

ह्यांनी भजी तोंडात टाकल्यासारखं केलं. मला हसू आलं. थेटरातली भजी हे खिशातून घरी आणायचे, कागद तेलाने ओला झालेला असायचा. मी लिहिलं, मध्यंतर.

शेजारच्या अक्का दारातून म्हणाल्या, "काय वं, जलमभर मुकी राह्यनी, आते मास्तरीण व्हई गई का?"

मी मान खाली घातली. हे गालात हसले.

मग ती व्यायामवाली मुलगी आली. भरलेलं कोडं बघून म्हणाली, "अरे वा! काकांनी सांगितलं?"

"हो."

"बोलून?"

मी पुरवणीची घडी घालायला लागले.

"काकू, तुम्ही त्यांचं सगळं ओळखता. मग ते बोलतील कशाला?"

तिला काय सांगणार? लग्न होऊन आले तेव्हा सासू-सासऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायचं नाही, अशी घरची रीत होती. ह्यांनी किल्ल्या वाजवल्या की चहा. चप्पल दोनदा आपटली की डबा. मी बांगड्या मागे सारल्या की स्वयंपाक झाला. सासू-सासरे गेले, तरी आमच्या खुणा राहिल्या. मला तेच बरं होतं, बोलावं लागत नव्हतं. माझ्यासारखीला त्यात मोठा आधार होता.

ती गेल्यावर एकच शब्द उरला होता.

"खेळ सुरू होताना थेटरात होतो तो. तीन अक्षरं."

ह्यांनी डोळे मिटले. मला कळलं. अंधार.

"मला नाही कळलं," मी म्हणाले.

ह्यांनी पुन्हा डोळे मिटले. मग भिंतीकडे हात करून बटण दाबल्यासारखं केलं.

"नाही कळलं. बोला."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणी परकी बाई आहे. डाव्या हाताने पुरवणी ढकलून दिली. मी ती उचलून परत मांडीवर ठेवली. लग्नापासून ह्यांना मी नाही कळलं असं कधी म्हटलं नव्हतं.

ह्यांनी ओठ हलवले. तोंड वाकडं होत होतं, लाळ आली, ती मी पदराने पुसली. मग आवाज आला.

"ब... बत्ती."

उत्तर ते नव्हतं. तरी मी पहिल्या दोन चौकोनांत बत्ती लिहिलं. तिसरा रिकामा ठेवला.

ह्यांचे डोळे भरले. माझे नाही भरले, मी फार दमले होते. थोड्या वेळाने ह्यांनी तांब्याकडे बोट दाखवलं. उठून पाणी देणं किती सोपं होतं.

मी बसून राहिले.

"काय पाहिजे?" मी विचारलं.