बोलीवाल्या मावशी

हॉटेलचं नाव माहीत नसताना खोलीचे पैसे भरायला छाती लागते. मनीषनगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींकडे ती होती. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दुपारचं जेवण आटोपलं की कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्या फोन घेऊन बसत आणि कुठल्यातरी शहरातल्या हॉटेलवर बोली लावत.

व्यवहार साधा होता. साइटवर शहराचा भाग आणि हॉटेलचा दर्जा निवडायचा आणि आपणच भाव सांगायचा. एखाद्या हॉटेलाला तो पटला की पैसे लगेच कापले जात, आणि नाव त्यानंतर कळे. घेतलेली खोली परत करता येत नसे. मावशी आधी दुसऱ्या साइटींवर त्या भागातली सगळी हॉटेलं पाहत. कुठे पोहायचा तलाव आहे, कुठे सकाळचा नाश्ता मिळतो, हे एका वहीत टिपत आणि त्यावरून झाकलेलं नाव बहुतेक वेळा बरोबर ओळखत. पहिली बोली चालू भावाच्या निम्म्यानं लावायची. नाकारली गेली तर दुसऱ्या दिवसापर्यंत फोनकडे बघायचं नाही. इतवारीच्या बाजारात एका कढईसाठी दुकानदाराला तासभर दमवणाऱ्या मावशींची फोनबद्दल एकच तक्रार होती. “याले तोंडच नाही वं. वाद कोणाशी घालू?”

कॉलनीत कुणी मुलाखतीला निघो की लग्नाला, खोली मावशीच मिळवून देत. माझ्या भाचीला मुंबईत परीक्षेसाठी जायचं होतं, तेव्हा त्यांनी तीन दिवस बोली लावून केंद्रापासून चालत जाता येईल असं चांगलं हॉटेल मिळवलं होतं. बदल्यात काही घेत नसत. परत आल्यावर खोली कशी होती ते सविस्तर येऊन सांगायचं, एवढीच अट. चादर पांढरी होती का, हेसुद्धा विचारत.

मला तो त्यांचा छंद वाटायचा. एकदा मी सहज म्हणाले, पुण्याला जाताना तरी तुम्हाला हे करावं लागत नसेल, तिथे तुमच्या मुलाचं घर आहे.

“घर आहे,” मावशी म्हणाल्या. “खोली नाही.”

मग हळूहळू कळलं. मुलाच्या घरात तीन खोल्या. एक मुलगा-सुनेची, एक नातवाची, आणि एकीत सुनेचं ऑफिसचं काम चाले. वास्तुशांतीला मावशी गेल्या, तेव्हा मुलानंच त्यांच्यासाठी हॉटेल ठरवून ठेवलं होतं. आई, तुला तिथे आराम मिळेल, असं तो म्हणाला होता. पुढच्या वेळी तो खर्च त्याच्यावर नको म्हणून त्या स्वतःच बोली लावायला शिकल्या. वर्षातून दोनदा जायच्या. सकाळी मुलाकडे, रात्रीचं जेवण झालं की हॉटेलात. एकदा ओळखायला चुकल्या आणि हॉटेल महामार्गाच्या पलीकडे, पार लांब निघालं. नातवाची भेट तासाभराचीच झाली. त्याबद्दल कधी कुणाला बोल लावला नाही. पोराला कामं असतात, एवढंच म्हणत.

मागच्या मे महिन्यात त्यांना हवं होतं ते हॉटेल मिळालं. मोठं, मुलाच्या घरापासून पाच मिनिटांवर. त्या दुपारी पेढे घेऊन वर आल्या होत्या. नातवाला सुट्टी होती, म्हणून न कळवता जायचं ठरवलं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी राहवलं नाही, म्हणून फोन केला, तर ती मंडळी गोव्याच्या विमानतळावर उतरत होती. पुढच्या वेळी ये, मुलगा म्हणाला.

मी म्हटलं, आता जाऊ नका.

“खोली वापस होत नाही ना,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या. चार दिवसांनी परतल्या. मी विचारलं, तर खोली चांगली होती, म्हणाल्या. चादर पांढरी होती. त्यानंतर त्यांनी कुणासाठीही बोली लावली नाही. विचारायला येणाऱ्यांना, डोळे दुखून राहिले, असं सांगून परत पाठवत.

दिवाळीनंतर त्यांनी फ्लॅट सोडला आणि कन्हानला धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. सामान फारसं नव्हतंच. टेम्पो भरेपर्यंत आम्ही दोघी जिन्यात बसलो होतो. मुलाला कळवलं का, असं मी विचारलं. कळवलं होतं. बरं झालं, तुला सोबत होईल, असं तो म्हणाला होता.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “पुण्याच्या त्या खोलीच्या खिडकीतून पोराची गॅलरी दिसत होती वं. नातवाचे कपडे वाळत होते. दोन दिवस मी पाहून राहिली, कोणी काढलेच नाही.”

टेम्पोवाल्यानं हाक मारली. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून तीन पायऱ्या उतरल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.