आपल्या घरचं माणूस असतं तं?

"आपल्या घरचं माणूस असतं तं?" हे विचारण्याआधी तो चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसायचा. मंगरूळपीरच्या कोर्टात आम्ही दोघं बरोबरच वकिलीला लागलो. त्याच्या कोटाची एक गुंडी कायमची गेलेली, माझा कोट रोज इस्त्रीचा. तरी पक्षकार त्याच्याकडे. आता तुम्हीच सांगा, माणूस जळणार नाही तर काय करणार?

निष्काळजीपणाच्या दाव्यांत तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी निवाडे घोकून जायचो आणि हा बाजेवर बसून गप्पा मारल्यासारखा उलटतपास घ्यायचा.

शेलूबाजारकडचा एक मळणीयंत्रवाला माझा पक्षकार होता. ओलसर सोयाबीननं यंत्र चोंदतं, म्हणून आपल्याकडे तोंडावरचं झाकण काढूनच ते चालवतात. यानंही काढलं होतं. सोयाबीन टाकताना एका मजूर बाईचा उजवा हात आत गेला. तिनं भरपाईचा दावा लावला, आणि तिचा वकील हाच. माझा बचाव पक्का होता: झाकण सगळेच काढतात, मग यानंच काय वेगळं केलं?

तो उठला. चष्मा पुसला.

"काहो भाऊ, तुमची सून टाकून राह्यली असती, तं झाकण काढलं असतं काय?"

माझा पक्षकार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"नाही जी. सुनेले मी यंत्राजवळ जाऊच देत नाही."

"मंग हे कोनाची सून हाये?"

झालं. दावा तिनं जिंकला. पण खरी आग पुढेच. वर्षभरात बांधाचं भांडण घेऊन हाच यंत्रवाला त्याच्याकडे गेला. मी यंत्रवाल्याला गाठलं.

"काहून बा? मी मेलो होतो काय?"

"तुमी वाईट नाही जी. पन त्यायनं इचारलं, तवा मले खोटं बोलताच नाही आलं."

घरी हे सांगितलं, तर बायको म्हणे, "त्यायच्याजवळून शिका थोडं." त्या दिवशी मी जेवलो नाही.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली त्याची खुर्ची असायची. तिथे दुपारीही सावली. माझ्या टेबलावर सकाळपासून ऊन. त्या खुर्चीवर माझा फार दिवसांचा डोळा होता.

यंदा उन्हाळ्यात तो छातीत कळ येऊन गेला. तेरवी झाल्यावर मी जाऊन तिथे बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात ती बाई आली. उजवा हात मनगटापर्यंतच, डाव्या हातात पिशवी.

"ते गेले. माहीत हाये न?" मी म्हणालो.

"माहीत हाये. तुमी उठा जी थोडे."

मी उठलो. तिनं तुरीच्या डाळीची पिशवी खुर्चीवर ठेवली, डावा हात खुर्चीला लावून कपाळाला लावला आणि गेली.

मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. मी बाजूला उन्हात उभा होतो, आणि जळत होतो.