खापर वहिनीवर
घरात दुरुस्तीवाला दीर म्हणून त्याचा केवढा तोरा! त्याने वहिनीच्या संगणकात जुन्या रॅमशेजारी दुसऱ्या कंपनीची पट्टी बसवली आणि संगणक दिवसातून चारदा बंद पडू लागला. त्याने एकेक पट्टी वेगळी तपासली, दोन्ही ठणठणीत. मग चूक कुणाची? "वहिनी, तुम्हीच काहीतरी भलतं दाबता!" वीस वर्षं टायपिंग करणारी वहिनी कळफलकाला हात लावायला बिचकू लागली.

आज त्याने दोन्ही पट्ट्या एकत्र लावून तपासल्या, तर चुकांनी पडदा भरला. जोडीच जमत नव्हती, आणि ती जुळवली होती त्यानेच.

"वहिनी, चूक माझी होती," तो कसाबसा म्हणाला.

"भाऊजी, टायपिंगला आलेलं पुस्तकाचं काम मी कालच परत केलं. म्हटलं, आता माझे हात चालत नाहीत."