लेडी सिबिलच्या घरचे पडदे

आमच्या बाईसाहेब, लेडी सिबिल, अर्लची, म्हणजे बड्या सरदाराची लेक. पण बोटांना कायम शाई. मी हेस्टर, त्यांचे कपडे-केस बघणारी. त्या शाईचे डाग काढून काढून माझे हात सोलवटले. "लॉर्डाची विधवा सून, आणि कवितांचं मासिक चालवते!" म्हणून आख्ख्या श्रॉपशर परगण्यानं नाकं मुरडली. बाईंनी कुणाला भीक घातली नाही. एखाद्या ड्यूकची कविता भिकार असली, तर तसं त्याला तोंडावर सांगायच्या. मला भारी मजा वाटायची.

मग लढाई लागली, बाईंचा एकुलता एक लेक ऑबरी फ्रान्सला लढायला गेला, आणि ही वाघीण दारावर टकटक झाली तरी दचकायला लागली. मासिकाकडे खंदकांतून कविता यायच्या. अंक छापून येईपर्यंत लिहिणारा पोरगा पुष्कळदा उरलेला नसायचा. त्या कवितांची पाकिटं बाई माझ्याकडून फोडून घ्यायच्या. मलाही धडकी भरायची, खोटं कशाला बोलू?

त्या मे महिन्यात अंक छापखान्यात देऊन आम्ही लंडनहून परतलो. घोडागाडी फाटकातून वळली आणि बाईंनी माझं मनगट गच्च आवळलं. भर दुपारी घराच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले. आमच्याकडे असे पडदे घरातलं माणूस गेलं की मगच ओढतात.

"हेस्टर, मी नाही उतरणार."

"अहो, ऊन लागतं म्हणून कुणी..."

"मला काय कुक्कुलं बाळ समजतेस? जा, बघून ये. नको, थांब! जाऊ नकोस. मी इथं बसलेय तोवर तो जिवंत आहे."

तरी गेले. दिवाणखान्यात अंधारात थोरले लॉर्ड, बाईंचे सासरे, दंडाला काळी फीत बांधून बसलेले.

"गेला गं," ते म्हणाले.

"कोण, सरकार?"

"ब्रॅम्बल."

पायाशी म्हातारा शिकारी कुत्रा, चांगल्या लोकरी चादरीत गुंडाळलेला. अरे देवा! मी ओरडतच बाहेर धावले. "कुत्रा मेलाय, बाईसाहेब! कुत्रा!"

बाई आत आल्या त्या पडदे फराफरा वर ओढतच. "मामंजी, कुत्र्यापायी माझा जीव घेतला असतात!"

म्हातारा खाली मान घालून पुटपुटला, "ऑबरीनं आणलं होतं त्याला. एवढंसं पिल्लू होतं, सिबिल."

बाईंचा राग तिथंच विरघळला. त्या जमिनीवर बसल्या आणि कुत्र्याच्या कानावरून हात फिरवत राहिल्या.

नोव्हेंबरात तार आली. या वेळी ऑबरीच गेल्याची. बाईंनी ती वाचून माझ्या हातात दिली. मी हुंदके देत खिडकीपाशी गेले, पडद्याला हात घातला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मामंजी फिरायला गेलेत. त्यांना फाटकातूनच कळायला नको. मी सांगते."

आणि शालही न घेता त्या म्हाताऱ्याला गाठायला फाटकाकडे निघाल्या.