साहेबांना विचारून

निवृत्तीनंतर बाबांनी कारखान्यांना पंपांबद्दल सल्ला द्यायचं काम सुरू केलं. काल पहिल्या गिऱ्हाईकाचा फोन आला. नोकरीतल्या सवयीने बाबा म्हणाले, "साहेबांना विचारून कळवतो," आणि त्यांनी फोन ठेवला.

"अहो, आता कुठले साहेब?" आई हसायलाच लागली. "विचारायचं तर मला विचारा!"

बाबांचा चेहरा उतरला. मी पुस्तकाआडून बघत होते. कुणाला 'हो' म्हणण्याआधी मलाही आत कुणाची तरी परवानगी लागते. ते कोण, हे मला अजून कळलेलं नाही. बाबांचे साहेब निदान खरे तरी होते.

बाबांनी उभं राहून पुन्हा फोन लावला. "उद्या सकाळी येतो. पंप बंद ठेवू नका. मला तो चालताना ऐकायचाय."