उंबऱ्यातला कणा

खमीसने बत्तीस वर्षांनी पुन्हा लाकडाला हात लावला, तेव्हा ओमानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या अख्ख्या सूर गावात एकटी मीच काय ती घाबरले. बाकी सगळे खूश. माझा मुलगा हुमैद तर दारातूनच ओरडत आला, "आई, मामाने हत्यारं बाहेर काढलीत! गलबत करायला बसलाय!" मी मासे साफ करत होते. सुरी ठेवली, हात धुतले आणि आत जाऊन पलंगावर बसले.

खमीस माझा धाकटा भाऊ. आमचा बाप गलबतं बांधायचा, खरीखुरी, झांझिबारपर्यंत जाणारी. पण आम्ही उमेदीत येईस्तोवर लाकडी गलबतं कोण विचारत होतं? खमीसला त्याने वीज कचेरीत चिकटवलं. सकाळभर हा घरोघरी मीटरचे आकडे टिपायचा, आणि दुपार टळली की अंगणात मांडी घालून बापाच्या गलबतांच्या छोट्या प्रती करायचा. मोठ्यातल्या वीस हाताचा इथे एक हात. कागद नाही, नकाशा नाही, सगळं नजरेने. नुसती हौस. एकही कधी विकलं नाही. मी चिडवायचे, "अरे, तेवढ्या वेळात घराचं दार तरी सरळ केलं असतंस, उघडताना किंचाळतंय." तो म्हणायचा, "दार म्हणजे दोन फळ्या गं. त्याला सुतार बोलाव. मी जहाजवाला माणूस." त्याचा हिलाल, बारा वर्षांचा, त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा. बापलेक तासन् तास बोलायचे नाहीत, आणि तरी दोघांचं काहीतरी बोलणं चाललेलं असायचं.

आता माझं सांगते. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि पोटी काही नव्हतं. दवाखाने झाले, ताईत झाले, मस्कतला जाऊन आले, लोकांचं बोलणं ऐकून झालं. आमच्याकडे जुनी समजूत आहे. गलबताचा कणा, म्हणजे तळाचं लांब लाकूड, नवा नवा मांडला, फळ्या अजून लागायच्या आहेत, आणि अशात वांझ बाईने तो ओलांडला, तर तिची कूस उजवते. पण फुकट नाही. ज्या घरचं गलबत, त्या घरातला एक जीव जातो. म्हणून तर बापाच्या वेळी कणा मांडला की माणसं राखणीला बसायची आणि बाई दिसली की हाकलायची. मशिदीतले शेख ओरडून ओरडून थकले की हे पाप आहे, असलं काही नसतं. असेल पाप. अठरा वर्षं रिकाम्या पाळण्याकडे बघणारीला शेख काय शिकवणार?

एका दुपारी मी खमीसकडे गेले तर दारात, अगदी उंबऱ्यात, त्याच्या छोट्या गलबताचा कणा दोन ठोकळ्यांवर मांडलेला. दीड हाताचा. आसपास कुणी नाही. मनात म्हटलं, वेंधळाच मेला, हे काय ठेवायचं ठिकाण? आणि मग ध्यानात आलं, कणा नवा आहे, फळी एकही लागलेली नाही. मी स्वतःला समजावलं की हे खेळण्यातलं गलबत, याचा मोबदला तो काय असणार? एखादी कोंबडी मरेल. झगा वर उचलला आणि ओलांडलं.

दोन महिन्यांनी माझी पाळी चुकली. आणि मला तिसरा लागला तेव्हा हिलाल खाडीत बुडाला. ओहोटीचं पाणी, रोजची जागा, माशासारखा पोहणारा पोर. संध्याकाळी पलीकडच्या काठाला सापडला.

खमीसने हत्यारं पेटीत भरली आणि पेटी माळ्यावर टाकली. कणा कुठे गेला कुणी विचारलं नाही. मी कुणाला काही बोलले नाही. कशी बोलणार? त्याच्या मुलाच्या बदल्यात मी माझा घेतला होता.

हुमैद जन्मला तेव्हा खमीसची बायको झुवेना रोज यायची. चाळीस दिवस एकही दिवस चुकवला नाही. लेकराला तेल लावायची, न्हाऊ घालायची, मांडीवर घेऊन तशीच बसून राहायची. मला ते बघवायचं नाही. ती बाळाकडे बघायची आणि मला वाटायचं, हिला सगळं कळतंय, ही हिशोब मागायला येतेय. एक दिवस माझा तोल गेला. बाळ तिच्या हातातून ओढून घेतलं आणि म्हणाले, "पुरे झालं. तुझी नजर लागेल त्याला. आपलं राहिलं नाही म्हणून दुसऱ्याचं धरून बसायचं का?" असं बोलले मी! जिचं मूल गेलं तिला! झुवेनाने तेलाची वाटी बाजूला ठेवली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि निघून गेली. पुन्हा बाळाला हात लावला नाही. भेटली की हसायची, सणाला हलवा पाठवायची, पण हात नाही लावला. त्यांना दुसरं मूल झालं नाही. आठ वर्षांपूर्वी ती गेली.

तर आता बत्तीस वर्षांनी हा माणूस पुन्हा गलबत करायला बसला होता. हुमैदने हौसेने मस्कतहून परदेशी खोकं आणून दिलं. आत गलबताचे मापात कापलेले तुकडे आणि चित्रांचं पुस्तक. खमीसने चित्रं पाहिली आणि हसतच सुटला. "आधी बरगड्या उभ्या करायच्या आणि वरून कातडं चढवायचं? हे गलबत आहे की मेलेली बकरी?" आमच्याकडे आधी फळ्या वाकवून अंग तयार करतात, बरगड्या मागाहून आत बसवतात. खोकं गेलं पलंगाखाली. त्याने जुनी सागाची फळी काढली, रंधा मारला, छिद्रं पाडायचा सामता दोरी बदलून चालू केला. हुमैद सुट्टीच्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसायला लागला. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला पुन्हा जीव आला. मला अन्न जाईना. माझा मुलगा त्या जागी बसत होता, जिथे हिलाल बसायचा. आणि खमीस त्याला माया लावत होता, काही ठाऊक नसताना. हे न सांगता मी मेले तर वर जाऊन झुवेनाला काय तोंड दाखवणार?

ठरवलं, सांगून टाकायचं. मग तो माझं तोंड बघणार नसेल तर न बघो.

शुक्रवारी जेवणं उरकल्यावर गेले. गेले आणि दारातच थबकले. उंबऱ्यात दोन ठोकळ्यांवर कणा मांडलेला. दीड हाताचा, ताजा रंधा मारलेला. खमीस आत चटईवर कहव्याचा पेला घेऊन बसला होता, दाराकडे तोंड करून.

"मागच्या दाराने ये," तो म्हणाला. "हे तुझ्यासाठी नाही. तुझं वय झालं आता."

मी वळसा घालून आत आले आणि त्याच्यासमोर धपकन बसले. "खमीस, तुला माहीत होतं?"

"काय?"

"मी ओलांडलं होतं. तेव्हा. हिलालच्या वर्षी."

"अगं रैया, मी खिडकीत होतो," तो म्हणाला. "ठेवला कुणी होता तो उंबऱ्यात?"

तोच बोलत राहिला, पेल्यात बघत. "झुवेना म्हणाली, तुझी बहीण झुरून मरेल, ठेव ना तो दारात, ओलांडू दे तिला. मी म्हटलं, वेडी आहेस का, घरातला जीव जातो. ती म्हणाली, एवढंसं गलबत, एवढंसंच काहीतरी जाईल. आम्हालाही तेच वाटलं, जे तुला वाटलं."

"आणि मी तिला नजर लावतेस म्हणाले," मी म्हटलं. "खमीस, मी तिच्या हातातून पोर ओढून घेतलं."

"सांगितलं होतं तिने."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाळ छान बाळसं धरतंय." आणि मग या एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा वेडावाकडा झाला. "एवढंच म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून निजली."

मी रडले. मोठ्याने रडले, छाती बडवून, बाहेर ऐकू गेलं असेल तर जावो. त्याने मला गप्प केलं नाही. बराच वेळ गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. "मग आता कणा कशाला मांडलास? कुणासाठी?"

हुमैदची बायको थुरैया डोंगराकडची, निझवाची. गलबतांचं तिला काही ठाऊक नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिचे डोळे मी ओळखत होते, कारण ते माझेच डोळे होते.

"तिला भात घेऊन यायला सांगितलंय," खमीस म्हणाला. "येईल एवढ्यात."

"अरे पण जीव..."

"या घरात आता आहे कोण?" तो म्हणाला. "या वेळी चूक व्हायची भीतीच नाही. नीट विचार करून मांडलाय."

मी उठले. तो कणा उचलून फेकणारच होते, शपथेवर सांगते. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. "मामा, दारात हे काय ठेवलंय? पडेन ना मी!" थुरैया. हातात झाकलेलं ताट. खमीस म्हणाला, "ये गं, ओलांडून ये, काही होत नाही." मी तिच्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. मला एक शब्द बोलायचा होता. थांब. एवढाच. नाही बोलले. दुसऱ्यांदा नाही बोलले. तिने झगा जरा उचलला आणि आत आली.

नंतर खमीसने फळ्या चढवल्या, एका बाजूच्या पाच, दुसऱ्या बाजूच्या चार. फटींत तेलाचा कापूस भरायला हुमैदला शिकवलं. हिवाळ्यात त्याला छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय जुनंच खराब आहे, इतकी वर्षं कसं चाललं कोण जाणे. इस्पितळात तो चार दिवस होता. चौथ्या सकाळी मी एकटी त्याच्याजवळ होते, डाळिंबाचे दाणे सोलून वाटीत टाकत. तो खात नव्हताच. त्याने माझं मनगट धरलं.

"थुरैयाचं काही?"

मी दाणे सोलत राहिले. "तिसरा लागलाय," मी म्हटलं. "तिला दृष्ट लागू नये म्हणून सांगितलं नव्हतं रे."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

तो हसला. असा हसताना मी त्याला हिलाल होता तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आजच. "मग झालं," म्हणाला. "हिशोब चुकला नाही या वेळी." दुपारच्या आत गेला.

थुरैयाला दिवस नव्हते. अजूनही नाहीत.